आंधळी भरणी

शनिवारी सकाळी गार्लंडने ट्रक मागे घेत तळ्याच्या बांधाजवळ आणला, मागचं फळकूट खाली सोडलं, त्यावर आईची जुनी गोधडी अंथरली आणि शीळ घालायला लागला. ओपल आत्याने ती शीळ ऐकली आणि तिच्या लक्षात आलं की हा आज जिंकायच्या तयारीनं आलाय. प्रूइटांच्या घरात गार्लंड दोनच वेळा शीळ घालतो, एक म्हणजे मासा गळाला लागल्यावर आणि दुसरं म्हणजे बहिणीचं काहीतरी आपल्याकडे येणार असलं की.

भांडणाचं मूळ गुरुवारी सणाला झालेल्या टर्कीच्या जेवणात होतं. गार्लंडच्या बापाने, ऑर्व्हल प्रूइटने, अक्रोडासारख्या पिकॅनच्या गोड पायचा घास तोंडात असतानाच सांगून टाकलं की गुडघे साथ देत नाहीत, नव्या वर्षापासून तो तेलविहिरींची फेरी सोडणार. आयुष्य त्याने त्या फेरीवर काढलं होतं. रोज पहाटे ट्रक काढायचा, टेकड्यांतल्या एकेका पंपापाशी थांबायचं, टाकीत तेल किती चढलंय ते बघायचं, कुठला नळ गळतोय तो आवळायचा आणि पुढे जायचं. माणूस दिसायचं नाही, फोनला रेंज मिळायची नाही. ओक्लाहोमात असं काम बापाकडून पोराकडे जातं, तेव्हा गार्लंडने काटा खाली ठेवला आणि अभिनंदन स्वीकारायच्या बेतात तो खुर्चीत मागे टेकला. आणि ऑर्व्हल म्हणाला, "फेरी ट्वायलाला द्यायचा विचार आहे."

ट्वायला म्हणजे गार्लंडची धाकटी बहीण. चौतीस वर्षांची. वसंतात घटस्फोट घेऊन तल्साहून परत आलेली. तिथे ती दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची आणि आठ-नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत तिला स्वतःलाही वाटलं नसतं की आपल्याला ग्रीसने माखलेले हातमोजे इतके हवेहवेसे होतील. उन्हाळाभर ती बापाबरोबर फेरीवर गेली होती आणि टेकडीवर सकाळी सगळे पंप माना डोलवत असताना तिला पहिल्यांदा वाटलं होतं की इथून पुढे कुठं जायला नको.

पण ऑर्व्हलने अट घातली. तिथे एकटीनं जायचं तर कमरेला आपलं म्हणून काही हवं. व्हॉल्व्हच्या पेट्यांखाली शेपटी खुळखुळवणारे विषारी रॅटलस्नेक असतात, ओढ्याकाठी रानडुकरं, आणि हल्ली तांब्याच्या तारा चोरणारेही फिरतात. तर शनिवारी गोधडी अंथरायची, ट्वायलाने आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर निवडायचं आणि सूर्य मावळायच्या आत आंधळ्या भरणीत उतरून दाखवायचं. जमलं तर फेरी तिची. नाही जमलं तर गार्लंडची.

या घरात पहिलं रिव्हॉल्व्हर दुकानातून येत नाही. मुलगा असो की मुलगी, एकविसावं लागलं की घरचे आपापल्याकडचं एकेक गोधडीवर ठेवतात, आणि नवखा त्यातलं एक उचलतो. गोधडीवर ठेवलेलं परत मागता येत नाही. त्यामुळे आलेले सगळे आपल्याला नको झालेलं आणतात आणि कौतुक मात्र वारसा दिल्यासारखं करून घेतात. ट्वायला विसाव्या वर्षीच तल्साला निघून गेली, तेव्हा तिची गोधडी राहूनच गेली होती. लहानपणापासून तिने रायफलीने हरणं मारली होती, पण मुठीत मावणारं आखूड नळीचं हत्यार कधी हातात धरलं नव्हतं. आदल्या रात्री तिला वाढदिवसाच्या मुलीसारखी झोप लागली नव्हती आणि तसं ती सगळ्यांना सांगतही होती.

ओपल आत्यानेही नको झालेलंच आणलं होतं. गोळ्यांची चकरी ढिली झालेलं एक जुनं, फडक्यात बांधलेलं. पण गार्लंडची शीळ ऐकून तिने ते फडकं ट्रकच्या सीटखाली सरकवलं, पर्स उघडली आणि दहावीस वर्षं पर्समध्येच राहिलेलं आपलं पाच गोळ्यांचं, अडतीस बोअरचं पोलादी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. चकरी बाहेर पाडून, काडतुसं काढून तिने ते गोधडीवर ठेवलं. तिचे यजमान वारल्यापासून ती त्याच्याशिवाय चर्चलासुद्धा गेली नव्हती.

"आत्या, हे?" गार्लंडची शीळ थांबली. "ही तर वीट आहे वीट. ती पण सायकलची ट्यूब गुंडाळलेली."

"तुझं दाखव की," आत्या म्हणाली.

गार्लंडचं खरंच बघण्यासारखं होतं. नवं कोरं, राखाडी, इतकं हलकं की हातात घेतलं की रिकाम्या काडेपेटीची आठवण यावी. आणि त्यात मॅग्नमची जबर काडतुसं चालायची. त्याच्या बायकोने, शॉनाने, आपलं बावीस बोअरचं छोटं ठेवलं. ती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि डब्यांवर नेम धरायला तिला एवढं पुरायचं. ऑर्व्हलने काहीच ठेवलं नाही. त्याच्या कमरेला त्याचं लांब नळीचं जाडजूड मॅग्नम होतं, पण तो आज पंच होता, आणि पंच काही ठेवत नसतो.

"त्या रिव्हॉल्व्हरला आज विश्रांती," गार्लंड बापाच्या कमरेकडे बोट दाखवून म्हणाला, आणि मग मे महिन्यातल्या सापाची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली. सगळ्यांना पाठ होती तरी सांगितली. व्हॉल्व्हच्या पेटीखालून मनगटाएवढा रॅटलस्नेक निघाला, डॅडींच्या बुटापासून हातभर अंतरावर वेटोळं घातलं, आणि डॅडींनी एका गोळीत त्याचं डोकं उडवलं. त्याची शेपटी ऑर्व्हलच्या ट्रकच्या आरशाला टांगलेली होती. गार्लंड ज्या दुकानात गुरांचं खाद्य विकायचा, तिथे येणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाची या गोष्टीतून सुटका झाली नव्हती.

ऑर्व्हल बांधाला लावलेल्या कागदी थाळ्या नीट करत होता. तो वळला नाही.

*

कानात बोळे घातले, डोळ्यांना चष्मे चढवले आणि ट्वायलाने आधी शॉनाचं बावीस घेतलं. पॉपकॉर्न फुटावं तसा आवाज, हाताला काही नाही, आणि थाळीत एकाशेजारी एक भोकं. तिला हसू आवरेना. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ऑर्व्हलने मान हलवली आणि म्हणाला की डब्यांसाठी उत्तम आहे, पण रानडुकराला यानं फक्त राग येईल.

मग गार्लंड पुढे आला. त्याने स्वतः काडतुसं भरून राखाडी रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. "खिशात आहे की नाही हेच विसरून जाशील," तो म्हणाला.

पहिल्या गोळीला ट्वायलाला वाटलं, कोणी तरी तळहातावर हातोडा मारला. अंगठा आणि बोट यांच्या मधली जागा सोलून निघाली. दुसरी तिने दात आवळून सोडली, तिसरी डोळे मिटून. चकरी संपली तेव्हा थाळीवर एकही भोक नव्हतं आणि बांधावर कुठेतरी वरच्या बाजूला गवत उडालं होतं. आणखी एकदा, ती म्हणाली, कारण ती प्रूइटांची मुलगी होती. पुन्हा तेच.

खरी गोष्ट त्यानंतर बिघडली. तिने परत बावीस हातात घेतलं, तर आता त्याचाही नेम चुकायला लागला. गोळ्या थाळीच्या खाली, मातीत. ऑर्व्हल आला, त्याने तिच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, पाठ करून काहीतरी भरलं आणि बंद करून परत दिलं.

हीच आंधळी भरणी. चकरीत काही जिवंत काडतुसं, काही उडालेली, आणि चाप ओढणाऱ्याला माहीत नसतं कुठं काय आहे. गोळी उडते तेव्हा कोणाचीही चूक धुरात आणि दणक्यात झाकली जाते. रिकाम्यावर घोडा पडला की मात्र सगळं उघडं पडतं. हात दणक्याची वाट बघत घाबरला असेल तर नळी आपोआप खाली मान घालते.

ट्वायलाने चाप ओढला. टक्. आणि नळी सरळ बुटाकडे गेली.

कोणी हसलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. ऑर्व्हल म्हणाला की आधी जेवून घेऊ. ट्वायलाला बापाचा राग आला नाही, गार्लंडचाही फारसा नाही. आपला स्वतःचाच हात आपल्याला विचारल्याशिवाय घाबरतो, या गोष्टीचा तिला राग आला. त्या हाताच्या पायी टेकडीवरच्या सकाळी जाणार होत्या.

*

गार्लंड चिलीच्या झणझणीत रश्श्याच्या पातेल्यापाशी उभा होता आणि त्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

तो काही वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगायला हवं, कारण या घरात त्याच्या वाट्याला नेहमी असेच प्रसंग येतात. ते राखाडी रिव्हॉल्व्हर त्याचं खरोखर लाडकं होतं. त्याने मनापासून ते गोधडीवर ठेवलं होतं. फक्त मनाच्या एका कोपऱ्यात त्याला हेही माहीत होतं की हे नवख्या हाताला झेपणार नाही. खाद्याची पोती उचलून त्याची पाठ मोडली होती आणि लहानपणापासून त्याला सगळे म्हणत आले होते, तू मोठा झालास की फेरी तुझीच. चाळिशी उलटून गेली तरी तो मोठा झाला नव्हता.

शॉनाने मक्याच्या पावाचा तुकडा त्याच्या वाडग्यात टाकला. "तिच्या हाताची साल निघालीय," ती म्हणाली. "मी आत्ता पट्टी लावून आले."

"नव्या माणसाला लागतंच थोडं."

"गार्लंड, तू तिला तुझं आवडतं दिलंस, की तिला घाबरवायला दिलंस?"

"दोन्ही," गार्लंड म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

 शॉनाने आपला वाडगा उचलला आणि आत्या आणि ट्वायला पिकॅनच्या झाडाखाली बसल्या होत्या तिकडे चालू लागली. नवऱ्याच्या बाजूनं आलेली बाई नणंदेच्या बाजूला जाऊन बसली, हे ओसरीवरून ऑर्व्हलनेही पाहिलं.

*

झाडाखाली आत्याचं पोलादी अडतीस ट्वायलाच्या हातात होतं. आत्याने चकरी उघडून दाखवली होती, ट्वायलाने स्वतः बोट घालून प्रत्येक घर रिकामं असल्याची खात्री केली होती, कारण दुसऱ्याच्या शब्दावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही, सख्ख्या आत्याच्याही. आता आत्याने आखूड नळीच्या टोकावर एक डाइम, दहा सेंटांचं नाणं, ठेवलं.

"चाप ओढ. नाणं पडता कामा नये."

नाणं पडलं.

"घाई कुठं आहे? मागं कोणी लागलंय का? परत."

परत पडलं. मग परत. शॉना गवतातून नाणं शोधून देत राहिली. पिकॅनचं फळ टपकन खाली पडलं की तिघी दचकायच्या आणि हसायच्या. आत्या मधे मधे बोलत होती, भाजी निवडताना बोलावं तशी. हलकं हत्यार वागवायला बरं वाटतं, ती म्हणाली, पण दणका खायला त्यात लोखंडच नसतं, तो सगळा माणसाच्या हाताला येतो. कमरेला जे जड लागतं, ते हाताला हलकं होतं. बायकांना हलकंच द्यायचं, हे पुरुषांचं डोकं. आणि ही मूठ बघ, माझ्या करंगळीला जागाच नव्हती, ती हवेत लटकायची, म्हणून मी सायकलची ट्यूब कापून गुंडाळली. पुढच्या टोकाला हे लाल दिसतंय ना, ते माझं नखांचं पॉलिश आहे. काळ्यावर काळं कोणाला दिसतं?

"घोडा आत झाकलेला कसा गं?" शॉनाने विचारलं.

"बाहेर असला की पर्सच्या अस्तरात अडकतो. एकदा वाण्याच्या दुकानात पैसे काढताना माझं आधीचं अस्तरासकट बाहेर आलं होतं. त्यानं सुटे परत दिलेच नाहीत, हात वर करून उभा राहिला."

ट्वायला इतकी हसली की नाणं पडलं. मग ती हसायची थांबली, श्वास सोडला आणि चाप एका लयीत ओढत मागे आणला. घोडा पडला. नाणं जागच्या जागी. तिने परत ओढलं. नाणं हललं नाही. 

"डॅडींनी मला हे कधीच का नाही शिकवलं?" तिने विचारलं. "उन्हाळाभर मी त्यांच्याबरोबर फिरतेय. त्यांना एकदाही गोळी झाडताना नाही पाहिलं."

आत्याने नाणं उचललं आणि आपल्या स्वेटरच्या खिशात टाकलं. "ऑर्व्हल सकाळी अंगठा गरम पाण्यात धरून बसतो," ती म्हणाली. "मला वाटतं तुला ठाऊक असेल." आणि उठून चालू लागली.

*

सूर्य ओकच्या झाडांमागे उतरायला लागला तेव्हा सगळे परत ट्रकपाशी आले. गार्लंड दोनदा आकाशाकडे बघून बोलला की उजेड जातोय. ट्वायलाने गोधडीवर हात फिरवला, राखाडीवरून, बावीसवरून, आणि पोलादी अडतीस उचललं.

"हे माझं."

 नियमाने आत्याला ते परत मागता येत नव्हतं. तिने फक्त पर्स खांद्यावर नीट केली. ती फार हलकी झाली होती आणि आत्याला ते मुळीच आवडलं नव्हतं. गार्लंडने अपराधी होऊन आपलं राखाडी तिच्यापुढे केलं.

"तुझं पीस तुझ्यापाशीच ठेव," आत्या म्हणाली.

"भरा, डॅडी," ट्वायला म्हणाली. "पण आधी गार्लंड. त्याच्या स्वतःच्या लाडक्यानं."

गार्लंड मोठ्याने हसला. त्याला यात हरकत घेण्यासारखं काहीच दिसलं नाही. ऑर्व्हलने पाठ करून भरलं, बंद केलं, दिलं. गार्लंड पाय फाकवून उभा राहिला. पहिली गोळी धडाडली आणि थाळीच्या कडेचा तुकडा उडाला. दुसरी गेली. तिसऱ्याला टक् झालं, आणि राखाडी नळी अशी खाली गेली की बांध सोडून पायाशी पडलेला दगड टिपायचा विचार असावा.

आधी शॉना फुटली. मग आत्या. मग ट्वायला ट्रकला धरून हसायला लागली. गार्लंडचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला, आणि एका क्षणी वाटलं की तो निघूनच जाईल. पण तो प्रूइट होता. त्याने नळीकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे इतकं हलकं आहे की खाली जातंय ते मला कळलंसुद्धा नाही." आता सगळेच हसले, आणि त्यात तोही होता.

ट्वायलाची पाळी आली तेव्हा हसणं आपोआप थांबलं. तिने करंगळी ट्यूबवर नीट बसवली. लाल ठिपका थाळीच्या मधोमध आणला. नाणं नव्हतं तरी तिने ते आहे असं धरलं. गोळी सुटली, दणका बसला, पण हा दणका हात हलवून ओळख करून घेतल्यासारखा होता. दुसऱ्याला टक्. नळी जागची हलली नाही. गोळी. टक्. नळी तिथेच. शेवटची गोळी. थाळीवर भोकं एका मुठीत मावतील अशी.

आत्याने टाळ्या वाजवल्या. शॉनाने तिला मिठी मारली, आधी रिव्हॉल्व्हर गोधडीवर ठेवायला लावून. गार्लंडने तिच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. ऑर्व्हलने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली. "फेरी तुझी," तो म्हणाला.

ट्वायलाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिला पळत टेकडीवर जावंसं वाटलं. आणि त्याच भरात ती बोलून गेली, "आता तुम्ही, डॅडी."

"हो," गार्लंड ओरडला. "सापाचं रिव्हॉल्व्हर काढा. उतरू द्या सगळ्यांचा माज."

*

ऑर्व्हलला नाही म्हणता आलं असतं. पंच आहे म्हणता आलं असतं, उजेड गेला म्हणता आलं असतं. पण मुलीच्या चेहऱ्यावर इतकं काही उजळलं होतं की ते आपल्या हाताने विझवायचं त्याच्या जिवावर आलं. आणि गार्लंड तर लहान पोरासारखा बांधाकडे तोंड करून उभा होता, आता आपला बाप काय करून दाखवतो ते बघायला. ऑर्व्हलने कमरेचं मॅग्नम काढलं, रिकामं केलं आणि ट्वायलाच्या हातात दिलं. तिने पाठ करून भरलं.

नळी आज त्याला कुंपणाच्या खांबासारखी जड लागली. अंगठ्याच्या मुळाशी रोजची कळ उठली. पहिली गोळी सुटली आणि बांधावरची माती उडाली, थाळीपासून दूर. दुसऱ्याला टक् झालं. आणि लांब नळीने, सगळ्यांच्या देखत, सावकाश, जवळजवळ अदबीने खाली मान घातली.

 गार्लंड बापाकडे बघत होता. ट्वायलाला आपण काय केलं ते कळलं आणि तिला जीभ चावावीशी वाटली.

ऑर्व्हलने चकरी बाहेर पाडली, उरलेली काडतुसं तळहातावर घेतली, ती खिशात घातली. मग म्हणाला, "तो साप मी फावड्यानं मारला."

"काय?" गार्लंड म्हणाला.

"सगळ्या गोळ्या मातीत गेल्या. एक बुटाच्या इतकी जवळ गेली की बुटात खडे उडाले. मग ट्रकमधून फावडं आणलं. तो बिचारा तोवर थांबला होता. त्यालाही वाटलं असेल, हा माणूस करतोय तरी काय."

शॉना म्हणाली, "मला माहीत होतं."

"तुला कसं माहीत?" ऑर्व्हलने विचारलं.

"त्याचं कातडं तुम्ही मला दाखवलं होतं, डॅडी. मान सुरीनं कापावी तशी सरळ तुटली होती. गोळीनं तसं होत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ती गोष्ट इतकी छान सांगत होता."

ऑर्व्हल हसला नाही. तो ट्वायलाकडे वळला. "म्हणून फेरी सोडतोय. गुडघ्यांचं मी उगीच सांगितलं. त्या दिवसापासून प्रत्येक पेटीचं झाकण उघडताना मला भीती वाटते, आणि जे माझ्या हाताला जमेना ते तुझ्या हाताला जमतं का, ते बघितल्याशिवाय तुला तिथं कसा पाठवू?"

ट्वायला पुढे गेली आणि बापाचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. अंगठ्याचं मूळ सुजून गरम झालं होतं.  

मग ऑर्व्हलने ते केलं जे गोधडीच्या आयुष्यात पंचाने कधी केलं नव्हतं. रिकामं मॅग्नम त्याने आईच्या, म्हणजे मुलांच्या आईच्या, गोधडीवर ठेवलं. सगळ्यांना नियम माहीत होता.

"आता माझ्याकडे एकही नाही," तो म्हणाला. "तर माझं पहिलं मला निवडायचंय."

आणि त्याने शॉनाचं बावीस उचललं. उभा राहिला, ट्वायलाने शेजारी उभं राहून सांगितलं की घाई करू नका, मागं कोणी लागलेलं नाही, आणि त्याने चाप ओढला. थाळीत भोक पडलं. आणखी एक. त्याच्या अंगठ्याला काहीच झालं नाही. शेवटची गोळी सुटली तेव्हा तो असा हसत होता की ओपल आत्याला तो दहा वर्षांचा असतानाचा आठवला, आणि तिने ते लगेच सगळ्यांना सांगितलं.

"आणि हे?" गार्लंड मॅग्नमकडे बघून म्हणाला. आवाज त्याने खालीच ठेवला होता.

"उचल," ऑर्व्हल म्हणाला. "फेरी तिची, हे तुझं."

गार्लंडने ते उचललं. चकरी उघडून, घरं रिकामी आहेत ते आधी बापाला दाखवलं, मग स्वतः पाहिलं.  "आणि सापाची गोष्ट?" त्याने विचारलं.

"ती तू आहे तशीच सांग. इतकी वर्षं तुझी गिऱ्हाइकं ऐकतात, त्यांचा हिरमोड का करा?"

"मेपासूनच ऐकतायत, डॅडी."

"त्यांना वर्षं वाटली असतील," शॉना म्हणाली.

गोधडी झटकून घडी झाली. काडतुसांची टरफलं वेचली, थाळ्या काढल्या. ट्वायलाने आत्याचं अडतीस कमरेच्या म्यानात घातलं, दोन पावलं चालून पाहिलं, तीनदा हात लावून पाहिला. जड होतं. ते आहे हे विसरणं शक्य नव्हतं आणि तिला ते आवडलं. तिने आत्याला विचारलं, पर्स रिकामी कशी चालेल. आत्या म्हणाली, सीटखाली एक ढिल्या चकरीचं पडलंय, तोवर चालेल, पण सोमवारनंतर तू मला दुकानात घेऊन जायचंस, आणि या वेळी पैसे काढताना पर्समध्ये मी काहीच अडकू देणार नाही.

ऑर्व्हलने खिशातून आपल्या ट्रकच्या किल्ल्या काढल्या आणि ट्वायलाकडे टाकल्या. तो सवयीने डावीकडच्या, चालवणाऱ्याच्या, दारापाशी गेला, थांबला आणि पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसला. तिकडचा पट्टा कुठे आहे ते त्याला बराच वेळ सापडलं नाही.

"सोमवारी तुम्ही येणार ना बरोबर?" ट्वायलाने विचारलं. "सगळे नळ अजून मला कुठं माहीत आहेत. नव्या वर्षापर्यंत तरी."

"येतो. पेटी मात्र तू उघडायची."

तिने ट्रक सुरू केला. इंजिन थरथरलं आणि आरशाला टांगलेली सापाची शेपटी खुळखुळायला लागली. ऑर्व्हलने तिच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं.

"काढून टाक ती," तो म्हणाला.

ट्वायलाने गिअर टाकला. "राहू दे की, डॅडी," ती म्हणाली. "साप तर तुम्हीच मारलात."